स्वभावाला औषध: नैराश्यावरील गोळ्या आणि बदललेला माणूस

एक वाक्य, चार अर्थ

“गोळ्या सुरू झाल्यापासून तो पहिल्यासारखा राहिला नाही.” नैराश्यावर उपचार चालू असलेल्या घरात हे वाक्य कधी समाधानाने उच्चारले जाते, तर कधी भीतीने. शब्द तेच असले तरी त्यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. आजार उतरल्यामुळे मूळचा माणूस परत आलेला असतो. किंवा औषधाने दुःखाबरोबर इतर भावनांचीही धार कमी केलेली असते. कधी आत दडलेला द्विध्रुवीय आजार औषधामुळे उघडा पडतो. कधी गोळ्या मध्येच सुटल्याने शरीर आणि मन अस्वस्थ झालेले असते. या चारही स्थितींवरचा उपाय वेगळा आहे. एकीत जे करायचे, ते दुसरीत केले तर नुकसान होते. त्यांचा भेद ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे काळ. गोळी सुरू केल्यावर, मात्रा वाढवल्यावर किंवा गोळी चुकल्यावर किती दिवसांनी बदल दिसला, या एका प्रश्नाच्या उत्तरातून बराच उलगडा होतो.

स्वभाव आणि मनःस्थिती

मनःस्थिती म्हणजे काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत टिकणारी भावनिक अवस्था. स्वभाव किंवा व्यक्तिमत्त्व म्हणजे वर्षानुवर्षे साधारण तशीच राहणारी विचार, भावना आणि वागणुकीची घडण. मानसशास्त्रात तिचे मोजमाप बहुधा पाच घटकांवर होते: भावनिक अस्थैर्य, बहिर्मुखता, नव्या अनुभवांबद्दलचा खुलेपणा, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि कर्तव्यदक्षता. आजार अल्पकाळाचा असेल तर मनःस्थिती आणि स्वभाव वेगळे ओळखू येतात. तो वर्षानुवर्षे अंगावर काढला की दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आजारी पडलेल्या आणि तिशीत उपचार सुरू झालेल्या माणसाचा प्रौढपणीचा मूळ स्वभाव घरच्यांनी पाहिलेलाच नसतो. अबोल, चिडका, कोणाच्या लग्नकार्याला न जाणारा, हीच त्याची ओळख झालेली असते. औषधाने तो बोलू लागला की घराला तो परका वाटतो. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण म्हणूनच दोन बाजूंनी तपासावी लागते. ज्याला स्वभाव म्हटले तो आजारच होता का, हा पहिला प्रश्न. खऱ्या स्वभावावरही औषध काही परिणाम करते का, हा दुसरा.

क्षयरोगाच्या वॉर्डात लागलेला शोध

या औषधांचा शोधच मुळात एका दुष्परिणामातून लागला आणि तो दुष्परिणाम वागणूक बदलण्याचाच होता. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयसोनियाझिड आणि इप्रोनियाझिड ही नवी औषधे दिली जात होती. महिनोन्‌महिने खाटेवर खंगलेले रुग्ण बोलके झाले, जेवण मागू लागले. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. इप्रोनियाझिड मेंदूतील काही संदेशवाहक द्रव्ये मोडणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला अडवते, हे त्याच वर्षी एर्न्स्ट झेलर यांनी दाखवले. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी ते नैराश्याच्या रुग्णांसाठी वापरल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांनी इमिप्रामिनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इप्रोनियाझिड पुढे यकृतावरील गंभीर परिणामांमुळे मागे घेतले गेले. इमिप्रामिन आजही वापरात आहे.

या इतिहासाचा दुसरा धागा मुंबईत सापडतो. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या उच्च रक्तदाबावरील उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुर्वेदात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या या मुळीकडे जगाचे लक्ष त्यामुळे वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रक्तदाबासाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास आणि निरुत्साही झाल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिकामा करते, असे १९५५ मध्ये प्रयोगांत दिसले. एक औषध संदेशवाहक द्रव्ये टिकवते आणि माणूस उल्हसित होतो, दुसरे ती संपवते आणि माणूस खिन्न होतो. या जोडीतूनच नैराश्याचा रासायनिक सिद्धांत उभा राहिला. रिसर्पिनमुळे खरोखर नैराश्य येते का, याबद्दल पुढच्या अभ्यासांनी बरीच शंका घेतली आहे. तोवर सिद्धांत मात्र पाठ्यपुस्तकांत पक्का बसला होता.

गोळी मेंदूत काय करते

आज सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या गटात फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम आणि पॅरॉक्सेटिन ही औषधे येतात. एका चेतापेशीने सोडलेले सेरोटोनिन पुन्हा त्याच पेशीत ओढून घेणारी यंत्रणा ही औषधे अडवतात, त्यामुळे दोन पेशींमधील फटीत ते अधिक काळ राहते. व्हेनलाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिन सेरोटोनिनबरोबर नॉरॲड्रेनॅलिनचेही पुनर्शोषण अडवतात. मिर्टाझापिनची तऱ्हा निराळी आहे. ते चेतापेशींवरील ठरावीक ग्राहींना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूंना, बंद करते, म्हणून त्याने झोप आणि भूक वाढते. फटीतले प्रमाण काही तासांतच बदलते, तरी मन हलके व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. या विलंबावरून उघड होते की सेरोटोनिन ‘भरून काढणे’ एवढेच काम असते तर गुण लगेच आला असता. ग्राहींची संवेदनशीलता हळूहळू बदलते, पेशींमधील जोडण्या नव्याने घडतात आणि प्रसंगांचा अर्थ लावण्याची मेंदूची सवय सरकते, असे आता मानले जाते. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य आले’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण पुराव्यावर टिकत नाही, असे २०२२ मधील एका मोठ्या आढाव्याने दाखवले. त्यावरून औषधे निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणे चूक आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ सहभागी होते, त्यातील सर्व २१ औषधे प्लासिबोपेक्षा, म्हणजे द्रव्य नसलेल्या सारख्याच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, सरस ठरली. सरासरी फरक मात्र मध्यम आकाराचाच होता.

पहिले दोन आठवडे

दुष्परिणाम आधी येतात आणि गुण नंतर, हे या औषधांचे सर्वांत गैरसोयीचे वैशिष्ट्य आहे. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, तोंड कोरडे पडणे, झोपेत बिघाड हे त्रास पहिल्या आठवड्यात दिसतात आणि बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. सेरोटोनिनचा फार मोठा हिस्सा मेंदूत नसून आतड्यांत असतो, म्हणून पोटाच्या तक्रारी सर्वांत आधी येतात. अनेक रुग्ण याच टप्प्यावर ‘मानवत नाही’ म्हणून गोळी सोडतात.

याच काळातील एक दुष्परिणाम स्वभावाशी थेट जोडलेला आहे. काही जणांना आतून असह्य तगमग होते. एका जागी बसवत नाही, पाय सतत हलतात, किरकोळ बोलण्यावरून भडका उडतो. वैद्यकशास्त्रात या तगमगीला अकॅथिसिया म्हणतात. घरच्यांना ती ‘आजार वाढला’ किंवा ‘हा भांडखोर झाला’ अशी दिसते. ती गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवसांतच येते, हा तिचा माग काढण्याचा धागा. मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की ती उतरते. तिच्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने लहान व किशोरवयीन रुग्णांसाठी या औषधांच्या वेष्टनावर ठळक चौकटीतला इशारा अनिवार्य केला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. सुमारे ४,४०० मुलांवरच्या २४ चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तशी वर्तणूक औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के, तर प्लासिबो घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के आढळली. प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. २४ वर्षांवरील प्रौढांत ही वाढ दिसली नाही आणि ६५ वर्षांवरील गटात तर धोका घटलेला दिसला. तरुण रुग्णाला पहिल्या महिन्यात लवकर लवकर तपासणीस बोलावण्याचे कारण हे आहे.

स्वभावच बदलतो का

१९९३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ पीटर क्रेमर यांनी ‘लिसनिंग टू प्रोझॅक’ या पुस्तकात हा प्रश्न जाहीरपणे मांडला. फ्लुऑक्सेटिन घेणारे त्यांचे काही रुग्ण नुसते बरे झाले नव्हते. ते पूर्वी कधीही नव्हते इतके धीट आणि मोकळे झाले होते. निरीक्षण लक्षवेधी होते, पण पुरावा म्हणून अपुरे. त्याची नीट परीक्षा २००९ मध्ये झाली. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या २४० रुग्णांपैकी १२० जणांना पॅरॉक्सेटिन, ६० जणांना बोधात्मक मानसोपचार आणि ६० जणांना प्लासिबो देण्यात आला. नैराश्य सारखेच उतरलेल्या रुग्णांची आपसात तुलना केल्यावर पॅरॉक्सेटिन घेणाऱ्यांच्या भावनिक अस्थैर्यात झालेला बदल प्लासिबो घेणाऱ्यांच्या ६.८ पट होता आणि बहिर्मुखतेतील बदल ३.५ पट. म्हणजे स्वभावातील हा फरक केवळ ‘आजार गेला म्हणून’ आलेला नव्हता. पॅरॉक्सेटिनने गुण आलेल्यांपैकी ज्यांचे भावनिक अस्थैर्य जास्त घटले, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाणही कमी राहिले.

या निष्कर्षाचा आवाका मर्यादितच धरावा. तो एका औषधाचा आणि काही महिन्यांच्या काळातला आहे आणि मोजमाप रुग्णांनी भरलेल्या प्रश्नावलीचे आहे. भित्रेपणा, लाजाळूपणा, सतत वाटणारी धास्ती यांची पातळी औषधाने खाली येऊ शकते, एवढे त्यातून म्हणता येते. माणसाच्या आवडीनिवडी, श्रद्धा, विनोदबुद्धी किंवा नीतिमत्ता गोळीने पालटते, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. म्हण अर्धी खरी ठरते. स्वभावाच्या काही कडा औषधाला दाद देतात.

भावनांचा बोथटपणा

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो या परिणामाबद्दल, म्हणून तो एका कल्पित उदाहरणातून पाहणे सोयीचे आहे. निफाड तालुक्यातील पन्नाशीचा एक द्राक्षबागायतदार घ्या. नैराश्याच्या काळात आभाळ भरून आले की त्याची झोप उडत असे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या धास्तीने तो रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरे आणि पानांच्या खालची बाजू पुन्हा पुन्हा पाहत राही. उपचारानंतर चार महिन्यांनी गारपीट झाली. नुकसान झाले, त्याला वाईट वाटले, तरी सकाळी उठून त्याने पंचनाम्यासाठी तलाठ्याला फोन केला आणि उरलेल्या मालाचा हिशोब मांडला. हे बरे होण्याचे लक्षण आहे. आता याच प्रसंगाची दुसरी आवृत्ती: गारा पडल्या आणि त्याला काहीच वाटले नाही. पुढे वाचलेल्या मालाला चांगला भाव मिळाला, तेव्हाही काही वाटले नाही. नातवाच्या बारशाला तो बसून राहिला. हसायचे ठाऊक होते म्हणून हसला. दोन्ही आवृत्त्यांत शेजारीपाजारी ‘आता तो शांत झाला’ असेच म्हणतील. फरक दुःखात दिसत नाही, आनंदात दिसतो. बरा झालेला माणूस दुःख पेलतो आणि त्याला सुखही जाणवते. बोथटपणात दोन्ही एकदम पुसट होतात.

वैद्यकीय साहित्यात या अवस्थेची नोंद १९९० पासून आहे. २०१७ मधील एका पाहणीत नैराश्यरोधक औषधे घेणाऱ्या ६६९ जणांपैकी ४६ टक्के लोकांनी कमी-अधिक बोथटपणा सांगितला. त्यातील काही वाटा शिल्लक राहिलेल्या नैराश्याचाही असणार, कारण सुखाची जाणीव हरपणे हे त्या आजाराचेच लक्षण आहे. केवळ औषधाचा वाटा शोधण्यासाठी केंब्रिज आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी ६६ निरोगी स्वयंसेवकांना किमान २१ दिवस एस्सिटॅलोप्राम किंवा प्लासिबो दिला; २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. औषध घेणाऱ्यांची स्मृती आणि एकाग्रता शाबूत होती, मात्र बक्षीस मिळाले की पुढची कृती त्यानुसार बदलण्याची त्यांची क्षमता मंदावली होती. ज्या यंत्रणेमुळे बोचणे कमी होते, तिच्यामुळेच गोडीही कमी होते, असा त्याचा अर्थ लावता येतो. हा परिणाम बहुधा मात्रेवर अवलंबून असतो आणि मात्रा कमी केल्यावर किंवा वेगळ्या गटातील औषधावर गेल्यावर पुष्कळदा फिरतो. प्रश्न एवढाच की तो सांगितला जात नाही. रडणे थांबले म्हणून घर समाधानी असते आणि रुग्णाला तक्रार करण्याइतकीही ओढ उरलेली नसते.

पाकिटावरची दोन नावे

भारतात या बोथटपणाला आणखी एक वेगळे कारण पुष्कळदा असते. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत मोठ्या प्रमाणावर विकली जातात. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक व्यापारी नाव असते; मागच्या चंदेरी कागदावर, बारीक अक्षरांत, दोन घटक आणि त्यांची मिलिग्रॅममधली मात्रा छापलेली असते. यातले क्लोनाझेपाम हे नैराश्यरोधक नाही. ते चिंता तात्काळ शमवते, झोप आणते आणि बहुधा सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरते हवे असते. तेच महिनोन्‌महिने चालू राहिले तर दिवसा गुंगी, विसराळूपणा, बोलण्यात संथपणा येतो, वृद्धांचा तोल जातो आणि शरीराला त्याची सवयही लागते. ‘टेन्शनची गोळी’, ‘झोपेची गोळी’, ‘डोक्याची गोळी’ या सरधोपट नावांत दोन्ही औषधे एक होऊन जातात आणि एकाचे आरोप दुसऱ्यावर येतात. नैराश्यरोधकाची तलफ येत नाही, परिणाम साधण्यासाठी मात्रा चढवत न्यावी लागत नाही. क्लोनाझेपामच्या गटाचे तसे नाही. ‘गोळ्यांची सवय लागते’ ही भीती कोणत्या घटकाबद्दल आहे, हे चंदेरी कागद वाचल्याशिवाय ठरत नाही.

अतिउत्साह: चुकलेल्या निदानाची खूण

द्विध्रुवीय आजारात खिन्नतेचे आणि उन्मादाचे काळ आलटूनपालटून येतात. बहुतेक रुग्ण खिन्नतेच्या काळातच डॉक्टरांकडे पोहोचतात, म्हणून सुरुवातीला निदान साध्या नैराश्याचे होऊ शकते. अशा माणसाला केवळ नैराश्यरोधक दिले, तर काही आठवड्यांत तो दुसऱ्या टोकाला झुकण्याची शक्यता असते. तीन-चार तासांच्या झोपेवर ताजातवाना, बोलण्याला खंड नाही, उधळपट्टी, मोठमोठे बेत, अडवले की संताप. घराला आधी आनंद होतो, कारण वर्षभर खाटेवर पडून असलेला माणूस उभा राहिलेला असतो. बरे होणे आणि उन्माद यांतील सोपी खूण म्हणजे झोप. बरा होणारा माणूस नीट झोपतो. उन्मादातल्या माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. अशा वेळी नैराश्यरोधक थांबवून मनःस्थिती स्थिर ठेवणारी लिथियमसारखी औषधे द्यावी लागतात. कुटुंबात कोणाला उन्मादाचा आजार होता का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जातो आणि लग्नसंबंधांच्या भीतीने त्याचे उत्तर अनेकदा लपवले जाते.

शरीरावरचे परिणाम

कामेच्छा मंदावणे, उद्दीपनात किंवा परमोच्च सुखात अडथळा येणे हा सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांचा फार सामान्य आणि फार कमी सांगितला जाणारा परिणाम आहे. नवरा किंवा बायको ‘दुरावली’ असे वाटण्यामागे तो असू शकतो. क्वचित तो औषध बंद केल्यावरही रेंगाळतो. युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये ही शक्यता माहितीपत्रकात नमूद करायला सांगितली. पॅरॉक्सेटिन आणि मिर्टाझापिनने वजन वाढू शकते. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

वृद्धांच्या बाबतीत एक परिणाम आवर्जून ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या औषधांनी रक्तातील सोडियम उतरू शकते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सोबत चालू असेल तर अधिकच. सोडियम उतरलेली सत्तरीची बाई दुपारीच ‘सकाळचा चहा दिला नाही’ म्हणते, नावे चुकवते, अडखळते. घरात त्याला म्हातारचळ म्हटले जाते. रक्ताच्या एका साध्या तपासणीत कारण सापडते.

क्षयरोगाची औषधे, द्राक्षे आणि पपनस

ज्या रोगाच्या औषधांतून नैराश्यरोधके जन्मली, त्याच रोगाची औषधे आजही त्यांच्याशी टक्कर घेतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर भारताने २०२४ मध्ये बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची नवी उपचारपद्धती मंजूर केली. यातले लिनेझोलिड हे इप्रोनियाझिडप्रमाणेच, पण सौम्यपणे, मोनोअमाइन ऑक्सिडेजला अडवते. ते आणि सेरोटोनिन वाढवणारे औषध एकत्र आले तर ताप, थरथर, घाम, स्नायूंचे झटके आणि भ्रम अशी धोकादायक अवस्था उद्भवू शकते. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हृदयाच्या विद्युतलयीवर परिणाम करतात, एस्सिटॅलोप्रामही करते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध यांबाबतही सेरोटोनिनच्या अतिरेकाची सावधगिरी लागते. मेडिकलमधून परस्पर आणलेले खोकल्याचे औषध म्हणूनच निरुपद्रवी धरता येत नाही.

द्राक्षे पिकवणाऱ्या नाशिकमध्ये एका गैरसमजाला खास वाव आहे. सर्ट्रालिनसारख्या काही औषधांबरोबर ग्रेपफ्रूट टाळावे, अशी सूचना असते. नावामुळे ती द्राक्षांबद्दल वाटते. ग्रेपफ्रूट हे लिंबूवर्गीय फळ असून ते पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून आले आहे. त्यातील द्रव्ये औषध मोडणाऱ्या विकराला अडवतात आणि रक्तातील औषधाची पातळी वाढवतात. पपनसातही तशी द्रव्ये असतात. द्राक्षांना ही सूचना लागू नाही. द्राक्षांपासून केलेल्या वाइनची गोष्ट वेगळी. मद्य नैराश्य वाढवते आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचा परिणाम दुणावते.

गोळी सुटली की

औषध अचानक थांबले तर दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्ने, चिडचिड, रडू येणे आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी क्षणिक जाणीव असे त्रास होऊ शकतात. ते किती लवकर येतात हे औषध शरीरातून किती वेगाने निघून जाते यावर ठरते. व्हेनलाफॅक्सिनची रक्तातील पातळी सुमारे पाच तासांत निम्मी होते, पॅरॉक्सेटिनची साधारण एका दिवसात. फ्लुऑक्सेटिन आणि त्यापासून बनणारे द्रव्य मात्र कित्येक दिवस, आठवडे टिकते. २०२४ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार केवळ औषध थांबल्यामुळे होणारा त्रास साधारण सात जणांमागे एकाला आणि तीव्र त्रास ३५ जणांमागे एकाला होतो.

सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील वाडीवरून नाशिकला तपासणीला येणाऱ्या रुग्णासाठी हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. भातलावणीच्या दिवसांत रोज बुडवून एसटीने शहर गाठणे जमत नाही, गोळ्या संपतात, आठवडाभर खंड पडतो. पाचव्या दिवशीची चिडचिड पाहून घर म्हणते, ‘औषध सोडल्यावर त्याचा खरा स्वभाव बाहेर आला.’ तो स्वभाव नसतो आणि बहुधा परतलेला आजारही नसतो. औषध सुटल्याचा त्रास दिवसांत सुरू होतो आणि गोळी पुन्हा सुरू करताच लवकर ओसरतो. आजार परतायला आठवडे ते महिने लागतात. तो परततोही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४७८ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीत वर्षभरात औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के आणि चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांचा आजार उलटला. पहिल्या आजारात बरे वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवण्याचा प्रघात यासाठीच आहे.

मात्रा उतरवतानाही एक बारकावा आहे. अल्प मात्रेतच सेरोटोनिन ओढून घेणाऱ्या यंत्रणेचा फार मोठा भाग अडवला जातो. त्यापुढे मात्रा वाढवली तरी अडवणूक थोडीच वाढते. म्हणून उतरताना सुरुवातीच्या पायऱ्या सोप्या जातात आणि शेवटची छोटी पायरी जड जाते. अर्ध्या गोळीवरून एकदम शून्यावर येण्यापेक्षा शेवटचा टप्पा अधिक बारीक तुकड्यांत आणि अधिक सावकाश उतरण्याची शिफारस आता केली जाते.

नाशिकमधील सोय आणि कायद्याने दिलेले हक्क

महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. नाशिक जिल्ह्यात असे रुग्णालय नाही. नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना त्याची गरजही नसते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयासारख्या सर्वसाधारण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातच हे उपचार होऊ शकतात. वैद्यकीय पदव्या देणारे, १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात, म्हसरूळला आहे. तरीही उपचारांतील दरी मोठी आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यातील कलम २२ कमी लोकांना ठाऊक आहे आणि या विषयात ते सर्वांत कामाचे आहे. आजाराचे स्वरूप, सुचवलेले उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क ते देते. मराठीतून ऐकण्याचा हक्क त्यात आलाच. टेलि-मानस या १४४१६ क्रमांकाच्या सरकारी सेवेवर चोवीस तास, मराठीतूनही, समुपदेशकाशी बोलता येते. आत्महत्येचे विचार येत असतील तर वाट न पाहता तिथे किंवा जवळच्या रुग्णालयात संपर्क करणे आवश्यक ठरते. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार रुग्ण स्वतःही भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर नोंदवू शकतो; त्यासाठीचा अर्ज मराठीत उपलब्ध आहे.

भिंतीवरची नोंद

डॉक्टरांना रुग्ण महिन्यातून काही मिनिटे दिसतो; घराला तो रोज दिसतो. स्वभावातील बदल प्रथम घरालाच कळतात आणि त्यांच्या तारखा घरच विसरते. मराठी घरांत कालनिर्णयच्या चौकटींत दुधाचा खाडा, गॅस सिलिंडर लावल्याचा दिवस, कामवाल्या बाईची रजा लिहिण्याची सवय जुनी आहे. त्याच चौकटींत चार गोष्टींची भर पुरेशी होते: गोळी सुरू झाल्याचा किंवा मात्रा बदलल्याचा दिवस, गोळी चुकलेले दिवस, रात्रीच्या झोपेचे तास आणि नजरेत भरलेला बदल. सोबत सर्दी-खोकल्याचे किंवा दुखण्याचे दुसरे औषध घेतले तर त्याचे नाव. पाच तारखेला मात्रा वाढली आणि नऊ तारखेला ‘एका जागी बसेना’ असे लिहिलेले असेल, तर तगमगीचा संशय येतो. वीस दिवसांत झोप सातवरून तीन तासांवर आली असेल, तर निदान पुन्हा तपासावे लागते. अठरा तारखेपासून गोळी नाही आणि बावीस तारखेला ‘फार चिडला, चक्कर’ अशी नोंद असेल, तर उत्तर त्या रिकाम्या चार चौकटींत असते. आणि दुसऱ्या महिन्याच्या पानावर कुठेतरी ‘स्वतःहून मित्राला फोन केला’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते वाचून मानसोपचारतज्ज्ञ बहुधा मात्रा आहे तीच चालू ठेवतात.